हवा पुरेशी आहे, माणूस निघालाय

माझ्या ताईचे मिस्टर, म्हणजे माझे भावोजी, यांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या आणि आता ते एक मासा सांभाळतात. दोन्ही कामं त्यांनी एकाच पद्धतीनं केली आणि आमच्या डोक्याला जो ताप झाला तो त्यामुळेच झाला. मी हे सांगायला बसलेय ते त्यांचं कौतुक करायला नाही. दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगतेय.

मी पडदे शिवते. ताईच्या समोरच्याच दारात राहते, पण माझ्या घरात मशीन, कापडाचे गठ्ठे आणि मी असं सगळं एका वेळी मावत नाही. म्हणून मशीन ताईच्या मागच्या खोलीत असतं आणि दिवसभर मीही तिथेच असते. भावोजी निवृत्त होऊन घरी बसले त्याचा पहिला फटका ताईला बसला आणि दुसरा मला.

नोकरीत होते तेव्हा त्यांचं बरं होतं. कुठेतरी लाइट जायची, कुठेतरी माणसं लिफ्टमध्ये अडकायची आणि घरातला फोन वाजायचा. भावोजी ताटावरून उठायचे. तिथे पोचले की आधी लिफ्टच्या दाराला तोंड लावून आत ओरडायचे, "घाबरू नका, हवा पुरेशी आहे, माणूस निघालाय." मग गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जाऊन हातानं चाक फिरवायचं आणि लिफ्ट मजल्याला लावायची. मी एकदा विचारलं, "भावोजी, माणूस निघालाय म्हणजे कोण? माणूस तर तुम्हीच ना?" तर म्हणाले, "मेव्हणीबाई, आतल्याला ते कशाला सांगायचं? कोणीतरी निघालंय एवढं कळलं की त्याला पुरतं." कधी कधी हेच वाक्य ते घरच्या फोनवरून सांगायचे, पायजम्यात उभे राहून, एका हातात चहाचा कप. मग चहा संपवायचे, पायमोजे शोधायचे, आणि मग निघायचे.

निवृत्त झाले आणि फोन गप्प झाला. तर हे अधूनमधून उठून रिसीव्हर कानाला लावायचे, लाइन चालू आहे ना ते बघायला. लाइन चालू असायची. मग हळूच ठेवून द्यायचे आणि आम्ही पाहिलं की काय म्हणून इकडेतिकडे बघायचे. भावोजींवर मी दिवसातून कितीदा चिडते त्याला गणती नाही, पण ते मला बघवायचं नाही.

त्यातून त्यांना बाहेर काढलं ते माशांनी. निरोपाच्या दिवशी सोबतच्या लोकांनी घड्याळ द्यायचं सोडून काचेची टाकी दिली होती, आत हवेचा पंप, प्लॅस्टिकची झाडं आणि खरे मासे. त्यात एक गलेलठ्ठ सोनेरी मासा होता. कोणीही समोर आलं की तो लगबगीनं पुढे यायचा, तोंड उघडायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा आणि काहीही न करता मागे जायचा. भावोजींनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव मॅनेजर ठेवलं. म्हणाले, "आमच्या साहेबांची आठवण राहील." टाकीसमोर खुर्ची टाकून ते सकाळपासून बसायचे, ताईही हळूहळू भाजी निवडायला तिथेच येऊन बसायला लागली, आणि रिसीव्हर कानाला लावणं बंद झालं.

मग ह्या उन्हाळ्यात आम्ही तिघं बाहेर गेलो असताना लाइट गेली. परत आलो तर पंप बंद, पाणी कोमट, आणि मॅनेजर सोडून सगळे मासे वर तरंगत होते. ताईनं एकेक करून जाळीनं काढले आणि गॅलरीतल्या कुंडीत पुरले. मग हात धुऊन आली आणि म्हणाली, "अहो, ऐका. आता हा एक उरलाय. हा गेला की टाकी घरातून जाईल. मेलेलं काढायची ताकद माझ्यात नाही."

ताई फार बोलत नाही, पण बोलली की ते दगडावरची रेघ असतं. भावोजी टाकीकडे बघत राहिले. टाकी गेली असती तर हे पुन्हा त्या फोनपाशी जाऊन उभे राहिले असते. मला ते दिसत होतं आणि त्यांनाही.

दुसऱ्या दिवसापासून लाइट गेल्यावर पंप कशावर चालवायचा याचा शोध सुरू झाला आणि घराची रया गेली.

आधी आम्ही इन्व्हर्टरच्या दुकानात गेलो. मला नेलं कारण ताईनं यायला साफ नकार दिला. दुकानदारानं विचारलं, "काका, लोड किती?"

"एक मासा," भावोजी म्हणाले.

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. त्यानं बिचाऱ्यानं तरी समजावलं की इन्व्हर्टर घ्या, पंखे चालतील, टीव्ही चालेल, माशाचा पंपही चालेल. तिथेच घोडं अडलं. भावोजी म्हणाले, "म्हणजे हिच्या ताईच्या मालिका चालणार, हिचं शिलाई मशीन चालणार, आणि बॅटरी संपली की मॅनेजरनं काय करायचं? आणीबाणीची लाइन वेगळी पाहिजे. त्यात पाहुणे चालत नाहीत." मी त्या घरातली पाहुणी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मग कॉम्प्युटरचा यूपीएस आला, एका ओळखीच्या झेरॉक्सवाल्यानं वापरून टाकलेला. लाइट गेली की तो चालायचा खरा, पण चालताना सतत टीं टीं करायचा. मॅनेजर झाडामागे जाऊन जो लपला तो बाहेर येईना. ताईनं कानात कापूस घातला. माझी शिवण वाकडी गेली. शेवटी यूपीएसनं एकच लांब शिटी मारली आणि मान टाकली, तेव्हा घरात इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

टाकीतले मासे विकणाऱ्या बाईनं तर पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तिच्याकडे टॉर्चच्या सेलवर चालणारा एक चिमुकला हवेचा पंप होता, साबणाच्या डबीएवढा. म्हणाली, "हा लावा, सेल बदलत राहा, झालं काम. एका माशाला आणखी काय लागतं?" ताई म्हणाली, बरोबर आहे. मी म्हणाले, बरोबर आहे. भावोजींनी तो पंप हातात घेतला, उलटासुलटा केला, आणि परत ठेवला. म्हणाले, "हे खेळणं आहे. जिवाचा प्रश्न असतो तिथे खेळणी चालत नाहीत." त्यापुढे त्या बाईनंही हात टेकले.

शेवटी त्यांनी स्वतःच पेटी बनवली. अवजारांची जुनी लाकडी पेटी घेतली, आत मोटारगाडीची बॅटरी बसवली, तिला जोडून एक दणकट पंप, बाहेर लाल बटण, वर धरायला कडी. उचलताना माणूस एका बाजूला झुकायचा. आणि हवेची नळी आणली ती भेंडोळंच्या भेंडोळं. मी म्हटलं, "एवढी नळी कशाला? मासा सहलीला जाणार आहे का?" तर म्हणाले, "केबल कमी पडली म्हणून माणसं लटकलेली मी पाहिलीत."

इथवर सगळं ठीक होतं. पेटी चालायची, बुडबुडे छान यायचे. पण भावोजी लिफ्टवाले. लिफ्टवाल्यांच्यात नियम असतो की सुटकेचा सराव नेमानं करायचा, नाहीतर ऐन वेळी सगळे गांगरतात. तर यांनी घरात सराव सुरू केला. त्याला ते ड्रिल म्हणायचे.

ड्रिल म्हणजे काय, तर कोणालाही न सांगता घराचा मेन स्विच बंद करायचा. माझं मशीन बंद, ताईचा मिक्सर बंद, पंखा बंद. मग भावोजी ओरडणार, "लाइट गेली." मग ताईनं भिंतीवरच्या घड्याळावर वेळ धरायची, मी पेटीचं झाकण उघडायचं आणि भावोजींनी नळी टाकीत सोडायची. त्याआधी काचेला तोंड लावून आत सांगायचं, "घाबरू नका, हवा पुरेशी आहे, माणूस निघालाय." मॅनेजर तोंड उघडायचा आणि मिटायचा. मग ताईनं वेळ सांगायची. वेळ कधीच भावोजींच्या मनासारखी यायची नाही, की दुपारी पुन्हा ड्रिल.

पुढे पुढे त्यांना वाटायला लागलं की आम्हाला हे खोटं आहे हे कळतं, म्हणून आम्ही जीव तोडून करत नाही. मग ते खाली मीटरच्या खोलीत जाऊन आमची लाइन बंद करू लागले आणि तिथून ताईला फोन करू लागले, "अगं, खरंच गेलीय." एकदा तर बाजारातून फोन केला की मी रिक्षात अडकलोय, तुम्ही दोघीच करून दाखवा. मीटरची लाइन जाताना बंद करून गेले होते. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या पडद्याला त्या दिवशी जी चुणी पडली ती अजून तिच्या दिवाणखान्यात लटकतेय.

ह्या रोजच्या ड्रिलनं बॅटरी बसायची ती बसलीच. घरचा चार्जर भावोजींना पटत नव्हता, म्हणून ते पेटी उचलून रस्त्यापलीकडच्या गॅरेजमध्ये चार्ज करायला ठेवायचे आणि तासा-दोन तासांनी जाऊन घेऊन यायचे. त्या दुपारी ते पेटी आणायलाच गेले होते. मी एका दवाखान्याचे हिरवे पडदे शिवत होते. शिवण अर्ध्यावर असताना मशीन थांबलं.

"ताई, ड्रिल," मी म्हणाले.

"असेल," ताई स्वयंपाकघरातून म्हणाली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. भावोजींचा आवाज मलाही ऐकू आला. "अगं, लाइट गेली. मी लिफ्टमध्ये अडकलोय."

"बरं, वेळ धरते," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

पुन्हा वाजला. "अगं, खरंच अडकलोय."

"रिक्षातसुद्धा खरंच अडकला होतात," ताई म्हणाली आणि पुन्हा ठेवला. त्यानंतर तिनं फोन पिठाच्या डब्यावर पालथा घातला.

खालून लिफ्टची घंटा वाजायला लागली. मी म्हटलं, आज घंटासुद्धा आहे, भावोजी जोरात आहेत. आम्ही दोघींनी शांतपणे चहा केला. चहा पिऊन झाला तरी लाइट येईना, आणि उकाड्यानं जीव नकोसा झाला, म्हणून मी चार शब्द सुनवायला खिडकीशी गेले. रस्त्यापलीकडच्या सलूनवाल्यानं आपली खुर्ची दारात उजेडात ओढून घेतली होती आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या गालाला फेस लावून तिथेच बसलं होतं. शेजारची पिठाची गिरणी बंद. गॅरेजमधली हवा भरायची मोटर बंद. भावोजी कितीही वेडे असले तरी अख्ख्या गल्लीची लाइट घालवायची त्यांची टाप नव्हती.

मी मागे वळले. ताई आधीच टाकीपाशी पोचली होती. मॅनेजर पाण्याच्या वरच्या कडेला येऊन तोंड उघडमीट करत होता, आणि या वेळी ते नेहमीसारखं नव्हतं.

आम्ही जिना उतरून धावलो. आमची लिफ्ट जुनी, जाळीच्या दारांची. ती दोन मजले खाली, मजल्याच्या निम्म्यात अडकली होती. जाळीतून भावोजींचं फक्त डोकं दिसत होतं, नेमकं आमच्या पावलांच्या उंचीवर. जन्मभर ज्यांनी लोकांना लिफ्टमधून काढलं त्यांचं डोकं तसं पायाशी बघून मला हसू आलं. मी ओढणीत तोंड लपवलं.

"मॅनेजर कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही कसे आहात ते बघायला आलोय," मी म्हटलं.

"मला काय झालंय? जाळीचं दार आहे, हवा पुरेशी आहे. त्याचं सांगा."

ताईनं खरं ते सांगितलं. भावोजींचा चेहरा उतरला. पेटी त्यांच्या पायाशी होती, काठोकाठ चार्ज झालेली. ती त्यांनी उचलली, आडवी केली, उभी केली. पेटी जाळीतून येईना, नुसती बॅटरीही येईना. मशीनरूमला लिफ्ट सांभाळणाऱ्या नव्या कंपनीनं स्वतःचं कुलूप ठोकलेलं. भावोजींनी त्यांना फोन लावला. पलीकडचा माणूस काय म्हणाला ते ऐकून त्यांनी फोन कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडे बघत राहिले.

"काय म्हणाले?" ताईनं विचारलं.

"माणूस निघालाय."

त्या वाक्याची किंमत त्या घडीला त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक होती? ते जाळीला टेकून म्हणाले, "मग संपलं. टाकी विकायला काढ."

मी वर पळाले. मगानं टाकीतलं पाणी काढायचं आणि उंचावरून पुन्हा टाकीत सोडायचं, म्हणजे पाण्यात हवा मिसळते, हे मासेवाल्या बाईनंच सांगितलं होतं. मी ओतत राहिले. खांदे भरून आले. मॅनेजर माझ्याकडे बघून तोंड उघडमीट करत होता आणि मी त्याला माझ्या मनात साठलेलं सगळं सुनवत होते, म्हणजे खरं तर भावोजींनाच. तेवढ्यात ताई बादली घेऊन आली.

"बाजूला हो," ती म्हणाली. "पेटी वर येत नाही ना? मग हा खाली जाईल."

टाकीतलंच पाणी बादलीत घेतलं, जाळीनं मॅनेजरला आत सोडलं आणि आमची वरात निघाली. जिन्यात अंधार, म्हणून मी पुढे टॉर्च घेऊन, मागे बादली धरून ताई. प्रत्येक वळणावर मॅनेजर शेपटी आपटायचा आणि ताईची साडी भिजायची. भावोजी खालून ओरडत होते, "हळू, हळू, मजल्याला लागू दे."

बादली लिफ्टच्या दारापाशी ठेवली. भावोजींनी नळी जाळीतून बाहेर सरकवली. आत लाल बटण दाबलं, पेटी घरघरली आणि बादलीत बुडबुडे उठले. सहलीची नळी शेवटी सहलीलाच लागली. मॅनेजर एकदा खाली गेला, फिरला आणि शांत झाला. आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, मॅनेजरचा तर आधीच पडलेला होता.

आता बादली आणि भावोजींचं डोकं एकाच पातळीत, मध्ये फक्त जाळी. मॅनेजर त्यांच्याकडे बघत तोंड उघडत होता. ताई बादलीशेजारी पायरीवर बसली आणि जाळीजवळ वाकून म्हणाली, "घाबरू नका. हवा पुरेशी आहे. माणूस निघालाय."

भावोजी हसले नाहीत. म्हणाले, "आतून ऐकलं की खोटं वाटतं ते. आज कळलं."

"मला कधीच कळलंय," ताई म्हणाली.

"तू कधी अडकलीस लिफ्टमध्ये?"

"लिफ्टमध्ये कशाला? पानं वाढून बसलेली असायची मी. तुम्ही कुठल्याशा इमारतीतून फोन करून म्हणायचात, निघालोय. तेव्हा तुम्ही निघालेला नसायचात. मला ते फोनमधल्या ठोकाठोकीवरून कळायचं. सगळं गार झालं तरी मी बसून राहायची."

भावोजींनी नळी जाळीत नीट सरकवली. पेटी घरघरत होती. मग म्हणाले, "एकदाही बोलली नाहीस."

"तुम्हाला तरी काय सांगायचं? कोणीतरी निघालंय एवढ्यावर माझं भागायचं."

मी दोन पायऱ्या वर बसले होते. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि जावंसं वाटतही नव्हतं. भावोजींनी जाळीतून दोन बोटं बाहेर काढली. ताईनं ती धरली. मॅनेजर मधूनच येऊन बघून गेला.

लाइट आली ती अचानक, जिन्यातला दिवा भक्कन लागला. ताई मला म्हणाली, "जा, वर टाकीचा पंप सुरू झाला का बघ." मी गेले. पंप चालू होता, माझ्या मशीनचा दिवाही लुकलुकत होता. टॉर्च ठेवायला मी ताईच्या कपाटाचा खण उघडला. टेबलक्लॉथच्या घडीखाली काहीतरी टोचलं म्हणून उचललं, तर तो मासेवाल्या बाईकडचा चिमुकला पंप. सेल घातलेले, नळी जोडलेली. मी खटका दाबला. तो लगेच गुणगुणायला लागला.

आधी मला असा राग आला की काय सांगू. माझे खांदे गळून पडायची वेळ आली होती, आणि ही बया खणात तयार पंप ठेवून माझ्या हातून मगानं पाणी ओतवून घेत होती. हा पंप टाकीत सोडला असता तर मॅनेजर जागचा हललासुद्धा नसता. जाब विचारायला म्हणून मी जिन्यापर्यंत आले आणि तिथेच माझा राग गेला. मॅनेजरला खाली न्यायची काही गरज नव्हती. ज्याला गरज होती तो खाली जाळीच्या आत टाकी विकायला निघाला होता. ताई मासा घेऊन त्याच्यापाशी गेली होती.

मी पंप घडीखाली होता तसा ठेवला आणि खण लावला. मग जिन्याच्या तोंडाशी येऊन हाक मारली, "भावोजी, पंप चालू आहे. लिफ्टचं बटण दाबा आणि या वर."

खालून दोघांचा एकदमच आवाज आला, "निघालोय."

मी कठड्यावरून वाकून पाहिलं. लिफ्ट तिथेच होती. बादली तिथेच होती. ताई पायरीवर आणखी नीट टेकून बसली होती, आणि कंपनीचा माणूस अजून निघालेलाच होता. मी आत येऊन मशीन सुरू केलं. पडद्याची एक अख्खी बाजू शिवून झाली तरी वर कोणी आलं नव्हतं.